सांगून येणारी विमानं

मुंबई, ता. ९ एप्रिल २०१६

चि. योगितास,
दादाचे अ. उ. आ.

मी खुशाल आहे आणि मुख्य म्हणजे अजून इथंच आहे. आईला आधी पोस्टाचा शिक्का दाखव, मग पत्र वाच. मागं मी फोनवर वापीला आहे असं सांगत होतो आणि पाठीमागं झाईचे खलाशी बोट ओढताना ओरडत होते, ते ती काही विसरणार नाही. म्हणून तर हा पत्रांचा कायदा निघाला.

तर मला नोकरी लागली. निघालो होतो वसईचा किल्ला बघायला. अच्छाडला ज्या ढाब्यावर मी अकरा दिवस होतो, तिथल्या ओळखीनं एका टोमॅटोच्या ट्रकात बसलो, झोप लागली, आणि जाग आली ती डोक्यावरून विमान गेलं तेव्हा. एवढं खाली, की त्याचं पोट दिसलं. उतरलो नि बघत उभा राहिलो. शेजारी एक माणूस तिपाई आणि पेटी घेऊन जिना चढताना धापा टाकत होता. मी तिपाई घेतली. गच्चीवर पोचेपर्यंत त्याचं सगळं काम कळलं, संध्याकाळी ते काम माझंच झालं.

विमानतळाच्या आजूबाजूचे लोक आवाजाची तक्रार करतात. तक्रार आली की आमचं ऑफिस माणूस पाठवतं. त्यानं गच्चीवर आवाज मोजायची पेटी लावायची, दोन दिवसांनी काढायची आणि फॉर्म भरायचा. तिसऱ्या रकान्यात तक्रारीचं कारण. एका बाई म्हणाल्या की विमान आलं की नवऱ्याला ऐकू येत नाही आणि गेल्यावरही तासभर येत नाही. मी तसंच लिहिलं. आमच्या साहेब म्हणजे तेंडोलकर बाई. त्यांनी मला बोलावून सांगितलं की कारण म्हणून फक्त आवाज लिहायचं.

आईला सांग, या होळीपासून त्या होळीपर्यंत एकाच पोस्टाचा शिक्का, अट पाठ आहे. तुझा नर्सिंगचा फॉर्म माझ्यापायी अडणार नाही. राहायला पवन लाँड्रीचा पोटमाळा आहे, भाड्याच्या बदल्यात रात्री इस्त्री करतो. पत्ता खाली लिहिलाय, नीट ठेव.

लोभ चालू ठेव, बंद पडला तर तक्रार नोंदवीन.
तुझा दादा,
सुनिल

* * *

बोरपाडा, ता. तलासरी
८ मे २०१६

ती. दादास,
सा. न. वि. वि. यातला न. कमी आहे, वि. जास्त आहे, सांभाळून घे.

पत्र मिळालं. आईनं शिक्का उजेडात धरला, बोटानं घासून बघितला, मग पोस्टमनला विचारलं की हा कुणी घरी बसून मारू शकतो का. तो नाही म्हणाला तेव्हा कुठं मला पत्र उघडू दिलं. अक्षर बघून तिला वाटलं की तू ते ट्रकातच लिहिलंस.

तिला हसू नकोस. बाबा गेले तेव्हा निरोप तुझ्यामागं नरपडच्या चिकूच्या वाडीत गेला, तिथून झाईला गेला, तिथून अच्छाडला. तू चौथ्या दिवशी आलास. ती तुला कधी बोलली नाही, मलाच बोलते. म्हणते की पोरगी ठाण्याला शिकायला गेली आणि पोरगाही वाऱ्यावर, तर उद्या मी निरोप कुठं धाडायचा. दोघांपैकी एकाचा पत्ता तरी कायम पाहिजे. एवढीच तिची अट आहे, आणि खरं सांगू का, मला ती रास्त वाटते. म्हणून तुझं वर्ष माझंही वर्ष आहे. बाबांचा ढोल अजून आढ्यालाच टांगलेला आहे. आपल्या अंगणात त्यानंतर कुणी वाजवला नाही.

इथं लग्नांची धूम. शुक्री काकीच्या मुलीचं झालं. काकी आधी घरोघर जाऊन सांगून आली की तीन दिवस बँड वाजणार, कुणाचं तान्हं असलं तर सांगा. बायजीचं बाळ वीस दिवसांचं, तिला काकीनं स्वतः ओढ्यापलीकडच्या घरात नेऊन ठेवलं. तीन दिवस वाजलं, कुणी हूं केलं नाही. पुढच्याच आठवड्यात जिव्यानं न सांगता एक रात्र डीजे लावला, तर आख्खा पाडा त्याच्याशी आजवर बोलत नाही. तुझी पेटी आणली असती तर दोन्ही आवाज सारखेच निघाले असते.

पळू नकोस. माया आहेच, ती एका जागी बसलेल्याला जास्त मिळते.
तुझी,
योगिता

* * *

मुंबई, ता. १६ ऑक्टोबर २०१६

चि. योगितास,
अ. उ. आ. आणि मोठी बातमी.

तुझं ते डीजेचं पत्र माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या लाँड्रीसमोर एक सोसायटी आहे, नाव शांतिकुंज, आणि विमानं बरोबर तिच्या पाण्याच्या टाकीवरून जातात. तिथले रेगे आजोबा महिन्याला चाळीस-एक्केचाळीस तक्रारी करतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक विमानाची वेळ लिहितात. मी त्यांच्याकडे इतक्यांदा गेलो की त्यांच्या मांजरीला माझा लळा लागलाय. मांजर एका डोळ्यानं आंधळी आहे, पण उंदीर पकडते कशी ते बघत मी एकदा तासभर बसलो आणि पेटी लावायचीच राहिली. ते असो.

या महिन्यात धावपट्टीचं काम निघालं. म्हणजे तीन आठवडे दुपारी एक ते पाच सगळी विमानं शांतिकुंजवरून. बाईंनी जास्तीचे फॉर्म छापून घेतले. मी म्हणालो की आधी जाऊन सांगूया. त्या म्हणाल्या की सांगितलं तर लोक आधीपासूनच ओरडतील. मी त्यांना शुक्री काकीची गोष्ट सांगितली, तान्ह्या बाळासकट. त्यांनी तारखांचा एक कागद काढून दिला.

योगे, दोन दिवसांत बासष्ट घरं केली! ही पहिली नोकरी, जिथं फिरणं हेच काम आहे. फर्नांडिस टीचर पियानो शिकवतात, त्यांनी क्लास सकाळी घेतला. एका घरात रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपतो, त्याला रेगे आजोबांनी आपली मागची खोली दिली. आजोबा! भांडण सोडून कुणाला काही न देणारा माणूस! विमानं यायला लागून आठवडा झाला. तक्रारी नऊ.

निघताना प्रत्येकाला म्हणालो की रविवारी मी ऑफिसात पेटीपाशी असतोच, या बसायला.

लोभ वाढव, इथं पोटमाळ्यावर जागा आहे.
सुनिल

* * *

बोरपाडा, २५ ऑक्टोबर २०१६

ती. दादास,
सा. न. आणि घाईत वि. वि.

तू त्यांना या म्हणालास? बासष्ट घरांना?

मी आईला वाचून दाखवलं तर तिच्या हातातलं सूप खाली पडलं. आपल्याकडे सांगायला गेलं आणि या म्हटलं की ते आवतण असतं, चूल पेटवावी लागते. शहरात कसं असतं ते तुला ठाऊक, पण आई म्हणते की माणसं कुठलीही असू दे, आपुलकीनं बोलावलं तर येतात. किती पातेली आहेत ते विचारतेय. मी सांगितलं की त्याच्याकडे एक इस्त्री आहे.

भात कापणी चालू आहे. नागली बरी आली. तुझे सात शिक्के आईनं डब्यात ठेवलेत, पैकी एक पुसट आहे, तो धरायचा की नाही यावर तिचा विचार चालू आहे.

लगेच लिही, नाहीतर माझ्या लोभाची वेळ बदलेल.
योगिता

* * *

मुंबई, ता. १४ नोव्हेंबर २०१६

चि. योगितास,
अ. उ. आ.

आई बरोबर होती. आले. रविवारी दुपारी तेवीस माणसं आली. रेगे आजोबा इस्त्रीचा सदरा घालून (तो मीच केला होता, कुठं निघालेत ते त्यांनी सांगितलं नव्हतं), फर्नांडिस टीचर केक घेऊन, रात्रपाळीवाला झोपमोड करून. खुर्च्या दोन. मी टपरीवरून चहा आणि कांदाभजी आणली, सगळ्यांना गच्चीवर नेलं, पेटी दाखवली. विमान आलं की सगळे गप्प व्हायचे, पेटीवर किती आकडा येईल याची पैज लावायचे. आजोबा पाचदा जिंकले. योगे, काय बसले होते सगळे! होळीला आपल्या खळ्यावर बसतात तसे.

आणि नेमके त्याच दिवशी वरचे साहेब पाहणीला आले. त्यांना दारात सेहेचाळीस चपला दिसल्या. त्यांनी विचारलं की हा कसला कार्यक्रम. आजोबांनी ताठ उभं राहून सांगितलं की आम्हाला आमंत्रण आहे. बाई पांढऱ्या पडल्या. सोमवारी मला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस.

तर नोकरी नाही. लाँड्रीत इस्त्री करतो, पोटमाळा तोच आहे. काल ट्रकवाला भेटला, भुजला निघालेला, शेजारची जागा रिकामी. मी भुज पाहिलेलं नाही. एक पाय पायरीवर ठेवलाही होता. मग तुझा फॉर्म आठवला.

आता नीट वाच. शिक्का याच पोस्टाचा येत राहील. मी नोकरी गेल्याचं लिहिलं नाही तर आईला होळीपर्यंत कळायचं नाही. पण शिक्का खरा आणि आतलं पत्र खोटं, हे मला जमेना. तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. वर्ष तुझंही आहे.

राग येऊ दे, पण लोभाला बाहेर काढू नकोस.
सुनिल

* * *

बोरपाडा, २४ नोव्हेंबर २०१६

ती. दादास,
सा. न. वि. वि. यावेळी सगळा न. खरा आहे.

पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी आई नागली पाखडत होती, तेव्हा समोर बसून वाचलं, पहिल्या ओळीपासून. भुजच्या ट्रकापाशी ती पाखडायची थांबली.

मग तिनं एकच विचारलं, की तेवीसच्या तेवीस जणांना भजी पुरली का. मला माहीत नव्हतं. मी पुरली म्हणून सांगितलं, तेवढं खोटं माझ्या नावावर.

मग म्हणाली की नोकरी असताना एका जागी कुणीही राहतं. हा नोकरी गेल्यावर राहिलाय. होळीपर्यंत राहिला तर अट पुरी. आणि तो पुसट शिक्काही धरायचा ठरलाय.

मी बाहेर जाऊन पोटभर रडले, आणि आले तेव्हा ती चुलीपाशी तुझं पत्र उलटसुलट करून बघत होती. वाचता येत नाही तरी रोज बघते.

तुझ्यावर लोभ आहे, सदऱ्याच्या कॉलरीसारखा कडक.
योगिता

* * *

मुंबई, ता. ५ फेब्रुवारी २०१७

चि. योगितास,
अ. उ. आ. भजी पुरली होती. शेवटी दोन उरली, ती आजोबांनी मांजरीला नेली. तुझं खोटं आता खरं धर.

गेल्या महिन्यात धावपट्टीचं काम पुन्हा काढलं. विमानं पुन्हा शांतिकुंजवरून, आणि या खेपेला सांगायला कुणी गेलं नाही. पहिल्याच दिवशी ऑफिसात लोकांनी स्वतःच भरलेले तेवीस फॉर्म. बाईंनी ते उघडले तर तिसऱ्या रकान्यात आवाज हा शब्दच नाही. रेगे आजोबांनी लिहिलं होतं की विमानं न सांगता आली, मुलगा कुठं आहे. टीचरनी लिहिलं होतं की मुलगा आला नाही, सबब सहा विद्यार्थ्यांचा सूर गेला. रात्रपाळीवाल्यानं नुसतं लिहिलं होतं की सुनिल.

बाई लाँड्रीत आल्या. मी आजोबांच्याच सदऱ्याची कॉलर करत होतो. ती होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या की उद्या सकाळी तारखांचा कागद तयार असेल. मी विचारलं की या म्हणायचं की नाही. त्यावर त्यांनी खूप विचार केला आणि सांगितलं की महिन्यातून एक रविवार, खुर्च्या सोसायटीनं आणायच्या आणि चपला आतल्या बाजूला काढायच्या.

आजोबांच्या तक्रारी आता सहावर आल्यात. म्हणतात की सवय मोडू नये म्हणून करतो.

होळीला येतोय, दोन दिवसांची रजा. परतीचं ठरलंय, आईला आधीच सांग. आजोबांना आपल्या ढोलाचं बोललो तर ते कॅलेंडर घेऊन बसले. मी त्यांना या म्हणालो. आता तुम्ही बघा.

लोभाचा आकडा पेटीवर मावत नाही एवढा असू दे.
सुनिल

* * *

बोरपाडा, ९ मार्च २०१७

ती. दादास,
सा. न. वि. वि. हे पत्र तुझ्या आधी पोचलं तर नशीब, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल आईनं बाबांचा ढोल खाली घेतला. काकड्या काकांना बोलावून कातडं ताणून घेतलं. मग नवं लुगडं नेसली आणि मला काही न सांगता बाहेर पडली. मी मागून गेले.

दादा, ती घरोघर गेली. प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं की होळीला आमच्या अंगणात ढोल वाजणार, दुपारपासून, भरपूर वाजणार. पोरगा येतोय आणि पोरगी शिकायला चाललीय. कुणाचं तान्हं असलं, कुणाचं डोकं दुखत असलं तर आत्ताच बोला. जिव्याच्याही दारात गेली. प्रत्येक ठिकाणी निघताना या म्हणाली. मी मोजलं, एकतीस घरं, शिवाय तुझे आजोबा. पातेली मी गोळा करतेय.

शेवटी शुक्री काकीकडे आलो. काकीला तू माहीत आहेसच. तिनं हसत विचारलं की सुनिल हल्ली कुठल्या गावाला असतो, का कुणालाच ठाऊक नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आईनं मला हातानं मागं सारलं. आणि एका दमात म्हणाली की पवन लाँड्रीचा पोटमाळा, शांतिकुंज सोसायटीसमोर, मुंबई, आणि त्यापुढचे पिनकोडचे सहा आकडे, एकही न चुकता.

तुझी,
योगिता