गोठ्यात बांधलेली मोटार

बाबा, मला तुमच्या हातांची किळस यायची. कामाच्या घाणीची नाही. ग्रीस, काजळी, जळकं तेल हे सगळं घासलेट आणि राखेनं धुतलं जायचं, आणि धुतल्याशिवाय आई तुम्हाला चुलीपाशी येऊ द्यायची नाही. मी म्हणतो ती किळस एका दुपारची आहे. त्या दुपारी तुमचे हात नखांपर्यंत स्वच्छ होते आणि त्या हातांनी तुम्ही पाहुण्याच्या ताटात आग्रहानं भाकरी वाढत होता. समोर बसलेल्या मला घास गिळवत नव्हता. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजायचं मी सोडून दिलं आहे. आयुष्यभर ठरल्या वारी, ठरल्या वेळेला मजकूर दिला. एवढी एकच गोष्ट वेळेवर दिली नाही.

लोखंडाचं मला जे थोडंफार कळतं ते तुम्हीच शिकवलेलं. मी तेव्हा अकोल्याच्या एका साप्ताहिकात नुकताच लागलो होतो आणि सुट्टीला कारंज्याला यायचो. मंगरूळपीरच्या रस्त्यावर तुमची टिनाची शेड. तुम्ही एखाद्या गाडीखाली पाठीवर पडलेले आहात, मी बाजूला उकिडवा बसलो आहे आणि तुम्ही खालूनच बोलता आहात. "आपल्याकडं जंग चढते, पण मुरत नाई. आठ महिने कोरडं असते बाप्पा. बांधावर पडलेला फाळ पाह्य. वरून तांबूस होते, बोट फिरवलं की निघते. आत लोखंड जसंच्या तसं. दर्याकाठच्या गाडीचं तसं नाई. तिथली खारी हवा सांध्या-सांध्यात बसते. मंग ती गाडी कुठंही ने, आतून खातच राह्यते." मग तुम्ही मला हातोडीच्या दांड्यानं ठोकून दाखवता. आपल्या भागात वाढलेली गाडी ताटासारखी वाजते. समुद्राकाठची ओल्या मडक्यासारखी बसकी वाजते आणि तिच्या गंजाचे कांद्यासारखे पापुद्रे निघतात. आपल्या गाडीला भीती एकच, काळ्या मातीची. पोळ्याला चाकावरच्या पत्र्यात अडकलेली माती दिवाळीपर्यंत ओली असते. ती खरवडून काढा, एवढं तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगायचात. लोक तुम्हाला मानायचे ते त्यासाठी. मीही मानायचो.

लढाईच्या दिवसांत नव्या मोटारी येणं थांबलं. पेट्रोलवर नियंत्रण आलं आणि मुंबईकडच्या, कोकणपट्टीतल्या लोकांनी दारातल्या गाड्या मिळेल त्या भावानं काढायला सुरुवात केली. तुम्ही तशी एक उचललीत. मूर्तिजापूरला मालगाडीतून उतरवून कारंज्यापर्यंत ओढून आणलीत. दिसायला काय देखणी होती ती. गर्द हिरवी, चामड्याची गादी, पितळी दिवे. तुम्ही ती लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि मला बॅटरी धरायला खाली बोलावलं. मागच्या चाकाजवळ तुम्ही पेचकस टेकवला, नुसता टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जिच्यावर गाडीचं सगळं वजन असतं ती लांब लोखंडी पट्टी आतून संपली होती. तपकिरी पापुद्र्यांचा ढीग माझ्या तोंडावर पडला. डोळे मी मिटले, तोंड उघडंच राहिलं. ते खारट होतं, बाबा. शेकडो मैलांवरून आलेलं, आणि अजून खारट. सुकटीच्या टोपलीसारखा वास आला. मी थुंकत बाहेर आलो. तुम्ही बराच वेळ खालीच पडून होता. मग म्हणालात, "दार लोट."

पुढचे तीन दिवस तुम्ही जे केलंत ते मी पाहिलं. घासलेटचा डबा कापून त्याचे पत्रे काढलेत. गोणपाटाच्या पट्ट्या फाडल्यात. शेंदूर आणि जवसाचं तेल मळून त्याचा लगदा केलात, वेशीवरच्या मारुतीला लावतो तोच शेंदूर. पट्टीच्या पोकळीत गोणपाट कोंबलंत, वर पत्रा बसवलात, लगदा थापलात आणि सगळ्यावर डांबर फासलंत. तुमचा हात फार सफाईचा होता. डांबर वाळल्यावर जोड कुठं आहे ते मला माहीत असूनही सापडेना.

"बाबा, ही भंगारात काढा," मी म्हणालो.

"भंगारात? अन् म्या मूर्तिजापूरहून झक मारत ओढून आणली ते?"

"एखाद्याचा जीव जाईल."

"कोनाचा जीव गिव जात नाई. इथल्या उन्हात जंग झोपते. दोन-चार सालं काही होत नाई तिले."

"दर्याची जंग झोपत नाही, असं तुम्हीच सांगत होते."

तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाही. "तू पेपरात लोकाइले अक्कल शिकव. इथं पान्हा दे."

मी पान्हा दिला.

गाडी घ्यायला आले ते शेलूबाजारच्या पलीकडच्या खेड्यातले एक शेतकरी होते. घरची बरी शेती, दोन चांगले बैल. त्यांना मंगरूळपीर ते कारंजा उतारूंची मोटार चालवायची होती. दर्ग्याला येणारे, बाजाराला जाणारे, कचेरीत खेपा घालणारे अशा माणसांचा त्या रस्त्याला तोटा नव्हता. बैल पारखतात तशी त्यांनी मोटार पारखली. भोवती फिरले, पाठीवर थाप मारली, इंजिन सुरू करून गाभण गाईच्या पोटाला लावावा तसा कान लावला. मग हसून म्हणाले, "दात तं नाईत हिले, मिस्त्री. वय कसं वळखावं?"

"माह्यावर सोडा," तुम्ही म्हणालात.

"तुमच्यावरच तं सोडून राह्यलो."

त्यांनी खाली वाकून पाहिलं नाही. मला वाटतं तुमच्या शेडमध्ये, तुमच्या देखत गाडीखाली पाहणं म्हणजे तुमच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटलं असावं. बरोबर त्यांची बायको होती. तिनं पुढच्या पत्र्याला हळदकुंकू लावलं आणि डोक्यावरचा पदर सावरत तुम्हालाच विचारलं, "मिस्त्रीदादा, हिले अंगणात ठेवावं का छपराखाली?"

"कुठंही ठेवा वहिनी," तुम्ही म्हणालात. "आपली हवा कोरडी आहे."

आणि मग ते जेवण. आईनं वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. ते बाहेरच्या खोलीत तुमच्या शेजारी बसले होते आणि ती आत चुलीपाशी आईला भाकरी थापू लागली होती. तुम्ही त्यांना चौथी भाकरी वाढलीत. "घ्या भाऊ, आता मोटारवाले झाले तुमी, पोट वाढलं पाह्यजे." सगळे हसले. मी बोटांनी भाजी इकडून तिकडं करत होतो आणि मला सारखा तोंडात तो खारट पापुद्रा लागत होता.

त्या बाईंनी गाडी गोठ्यात ठेवली. अंगणात असली की येणारा-जाणारा पाहणार, दृष्ट लागणार. म्हणून दोन बैलांच्या मध्ये, दावणीच्या रांगेत. नवरा म्हणाला होता की गवताची छपरी घालू, पण तिनं ऐकलं नाही. पोळ्याला तिनं बैलांबरोबर मोटारीलाही ओवाळलं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

पेट्रोल मिळेना म्हणून पावसाळ्यात त्यांनी गाडीला मागच्या बाजूनं कोळशाच्या गॅसचं पिंप बसवून घेतलं. तेव्हा बऱ्याच मोटारी तशा चालायच्या. पिंपात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या धुरावर इंजिन चालवायचं. त्या पिंपाचं वजन भरल्या पोत्यांइतकं आणि ते नेमकं तुमच्या डांबराच्या वर लटकलेलं. पोळा होऊन पंधरवडा झाला असेल. शेलूबाजारच्या अलीकडं नाल्याच्या उतारात गाडीचं मागचं अंग मोडलं. पिंप सुटून गाडीखाली आडवं झालं. आत माणसं होती, त्यांत एक बाळंतीण माहेराहून येत होती. गाडी पेट घेईल म्हणून ती चालवणाऱ्या त्या शेतकऱ्यांनी उतरून ते पेटतं पिंप पायानं रेटून बाहेर लोटलं. माणसं सगळी वाचली. त्यांचा स्वतःचा उजवा पाय घोट्याखाली भाजला आणि बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

आपण त्यांना पाहायला गेलो. मी हट्टानं तुमच्याबरोबर आलो, कारण मला वाटलं होतं तुम्ही सांगाल. ते ओसरीत बाजेवर पडलेले आहेत, पायाला एरंडाची पानं बांधली आहेत, माशा बसू नयेत म्हणून ती उशाशी बसून पदरानं वारा घालते आहे. अंगणात ती गाडी. तुम्ही त्यांच्या पायाकडं पाहिलं आणि मग गाडीकडं गेलात. खाली वाकलात. मोडलेल्या जागी गोणपाटाचे काळे धागे लोंबत होते. ते तुम्ही मुठीत गोळा करून खिशात घातलेत. मी पाहत होतो हे तुम्हाला माहीत होतं. मग एक पापुद्रा काढून तुम्ही हुंगलात आणि ओसरीपाशी येऊन विचारलंत, "भाऊ, मोटार कुठं ठेवत होते तुमी?"

"गोठ्यात. काहून?"

"तरीच. बैलाचं मूत आहे हे. मुतातला खार लोखंड खाते. म्या तरी काय करू मंग याले."

त्यांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. तिचा पदर हलायचा थांबला. ती म्हणाली, "म्याच बांधली होती. हे नाई म्हणत होते."

"जाऊ दे," ते म्हणाले. "तुले काय माहीत?" आणि मग तुम्हाला म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हातची चांगली गाडी नासवली आमी. राग धरू नका."

त्यांनी तुमची माफी मागितली, बाबा. आणि तुम्ही ती दिलीत. "होते असं," म्हणालात, खांद्यावर हात ठेवलात आणि तिनं केलेला चहा प्यालात. मी उठून गोठ्यामागं गेलो आणि ओकलो. परत आलो तर ती तांब्या घेऊन उभी होती. तिला वाटलं, मला गोठ्याचा वास सहन झाला नाही.

तुम्ही ती गाडी नेऊन नवी जाड पट्टी घालून पक्की केलीत, एक छदाम न घेता. पंचक्रोशीत तुमचं नाव झालं. त्यानंतर तसं काम तुम्ही पुन्हा कधी केलं नाही, हेही मला माहीत आहे. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं, एवढंच त्यानं सिद्ध झालं.

आता माझ्या वाट्याचं. त्याच महिन्यात संपादकांनी मला बोलावलं. एका स्तंभाचा मजकूर आला नव्हता, गुरुवारी दुपारपर्यंत काहीतरी हवं होतं. "तुमचे वडील मोटारींचं काम करतात ना? मोटारीची निगा, असं काही द्या." मी दोन तासांत लिहून दिलं. वऱ्हाडची कोरडी हवा, काळी माती, पावसाळ्यानंतरची धुलाई, सगळं तुमचंच. शेवटी चार ओळी कमी पडत होत्या. तिथं मी लिहिलं की आपल्याकडं मोटार गोठ्यात बांधण्याची चूक काही मंडळी करतात, गोमूत्रातल्या क्षारांनी भक्कम गाडीही काही महिन्यांत निकामी होते आणि त्यातून अपघात घडल्याचं उदाहरण ताजं आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. क्षार लोखंडाला लागतोच. पण तो बाहेरून लागतो, आणि चार महिन्यांत पेचकस मुठीपर्यंत जाईल एवढी पोकळी तो करत नाही. मला हे माहीत होतं. मी ते लिहिलं कारण वाक्य हाताशी तयार होतं आणि घड्याळात पावणेदोन झाले होते. तो अंक त्या गावच्या मास्तरांनी पारावर वाचून दाखवला, असं तुम्हीच मला खुशीत सांगितलंत. तुमच्या तोंडी होती तोवर ती एका मिस्त्रीची थाप होती. छापून आल्यावर गावानं ती खरी मानली.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी शेलूबाजारला उतरलो होतो. मांडवात एका म्हाताऱ्या बाईंना बायका चिडवत होत्या. कोणाच्या तरी पोरानं नवी फटफटी घेतली होती आणि ती कुठं ठेवावी याची चर्चा चालली होती. "आजीले इचारा," एक जण म्हणाली, "गोठ्यात ठेवा म्हनते का पाहा." सगळ्या हसल्या. आजीही हसल्या, सवयीनं, तोंडावर पदर घेऊन. मग मी ऐकत आहे असं पाहून, मी कोण ते न ओळखता, मला सांगू लागल्या. "माह्या मालकाचा पाय माह्या हातानं गेला, दादा. मोटार गोठ्यात बांधली म्या. जाईपर्यंत एका शब्दानं बोलले नाईत मले. बोलले असते तं बरं झालं असतं." मी मान हलवली. कोणीतरी पंगतीला बोलावलं म्हणून उठलो आणि जेवलोही.

त्यांचा पत्ता मी मांडवातल्याच एका मुलाकडून लिहून घेतला. त्यांना वाचता येत नाही, पण नातू वाचून दाखवेल. घरी आल्यापासून चार-पाच वेळा कागद समोर घेतला. आजही घेतला होता तो त्यांच्यासाठीच, आणि पहिल्या ओळीला हातानं "बाबा" लिहिलं, कारण तुम्हाला लिहिलेलं कुठं पाठवावं लागत नाही.