खिडकीच्या गजाला बांधलेला दोरा

सोमवार, १८ जून १९५६. सकाळी सहा.

शुक्रवारच्या पानावर चूक झाली आहे. मी लिहिले की ईश्वरी मॅडम मला म्हणाल्या, तुझा हात सोन्याचा आहे. तसे त्या म्हणाल्या नाहीत. "हाथ हल्का है तेरा," एवढेच म्हणाल्या, आणि तेही मी टॉवेल पिळत असताना. टॉवेल नीट पिळला गेला नव्हता. तरीही हात हलका असणे हा या धंद्यातला पहिला गुण आहे, असे मी धरते.

आप्पांनी मला शाळेत घातले नाही, घरीच शिकवले. त्यांचा नियम होता की लिहिलेले खोडायचे नाही, चूक पुढच्या पानावर कबूल करायची. आप्पा गेले. नियम मी पाळते.

परिस्थिती लिहून ठेवते. मी रोज बेलवलीहून उल्हासनगरला जाते. कॅम्प १ मध्ये एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून मॅडमनी ब्यूटी पार्लर काढले आहे. त्या कराचीच्या. गिऱ्हाईक बायका त्यांना 'अदी' म्हणतात, म्हणजे ताई. मी मॅडम म्हणते. कोर्स तीन-चार महिन्यांचा, मग परीक्षा, मग लायसन. दादाने दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. लायसनचा कागद आला तर ओटीवरच्या खोलीत माझी खुर्ची आणि माझा आरसा. नाही आला तर अंबरनाथचे दौलतराव. दौलतराव बिजवर आहेत, दोन मुले आहेत, काडेपेटीच्या कारखान्यात कामाला आहेत.

मुदत भरपूर आहे.

मॅडम माझ्याकडून फी घेत नाहीत. किती विश्वास! मी आपणहून झाडते, पाणी भरते, टॉवेल धुते.

गुरुवार, २१ जून. संध्याकाळ.

आज भुवया कोरताना जवळून पाहिले. मन थाऱ्यावर नाही.

दोऱ्याचे एक टोक मॅडम दातात धरतात. दुसरे टोक एका हातात, मधला दोरा दुसऱ्या हाताच्या बोटांत. मध्ये पीळ. तो पीळ गिऱ्हाइकाच्या कपाळावरून फिरतो. म्हणजे उष्टा दोरा. सवाष्ण बाईच्या कपाळाला, कुंकवापासून दोन बोटांवर, उष्टा दोरा.

मी विचारले. मॅडम हसल्या. दोरा दातात असल्यामुळे नीट सांगता आले नाही, पण हसल्या.

आमच्याकडे उष्ट्या हाताने पाण्याच्या घड्याला शिवत नाहीत. मी हे करणार नाही. दुसरी रीत शोधीन. मॅडमनाही ती आवडेल.

सोमवार, २ जुलै. दुपार.

रीत सापडली. गळ्यात दोरा बांधून पाहिला. वहिनी म्हणाली, लग्नाआधी गळ्यात काय बांधतेस गो. सोडला. पायाच्या अंगठ्याला बांधला. पण पायाचा दोरा तोंडाला लावणे उष्ट्याहून वाईट. शेवटी खिडकीच्या गजाला बांधला. गज लोखंडाचा, लोखंडाला विटाळ नाही. गिऱ्हाइकाने तोंड खिडकीशी आणायचे, एवढाच बदल.

पुढच्या सोमवारी मॅडमना लायसनच्या फॉर्मचे विचारायचे. नक्की.

सोमवार, १६ जुलै.

मागच्या सोमवारी विचारले नाही. मॅडमचे डोके दुखत होते. आज विचारणार होते, पण नवी मुलगी आली. लाजवंती. सगळे लाजो म्हणतात. कॅम्प २ मधली, वय सतरा. आई बरोबर आली होती, फीचे पाकीट मॅडमच्या हातात दिले. मॅडमनी दोघींना चहा दिला. चहा मी केला.

लाजो फी देते, मी देत नाही. म्हणजे ती विद्यार्थिनी आणि मी जवळपास घरची. आज आलेल्या मुलीसमोर फॉर्मचे काढले असते तर तिला वाईट वाटले असते. पुढच्या सोमवारी.

मंगळवार, २१ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा.

गेला महिना रोज सकाळी सराव करते आहे. माणूस मिळत नाही. वहिनीने कपाळ द्यायला नकार दिला. म्हणून नारळ घेतला. शेंडीचा एकेक तंतू गजाच्या दोऱ्यात धरून उपटायचा. हात फार बसला. आज पहाटे तर शेंडी पार साफ झाली, खाली गुळगुळीत.

तो नारळ आजच्या पूजेचा होता.

वहिनीने तो दोन्ही हातांनी धरून अंगणात सगळ्यांना दाखवला. "नारलाला टक्कल पारलंस गो तू! बिनशेंडीचा नारल देवाला चालतो कुठं? तुझ्या दुकानात येनाऱ्या बायांचं काय करशील?" शेजारपाजारच्या बायका हसल्या. दादाला तेवढ्यात दुसरा नारळ आणायला वाण्याकडे पळावे लागले.

कामातली सफाई मात्र कुणीच पाहिली नाही.

फॉर्मचे विचारले नाही. सणावाराचे नको.

रविवार, ९ सप्टेंबर.

दौलतराव गणपती पाहायला म्हणून आले. गणपती पाहायला त्यांना पाव मिनिट लागले, मग तासभर मला पाहत बसले. मीही पाहिले. कपाळ अरुंद, भुवया मधोमध जुळलेल्या, कानांवर केस. धंद्याच्या नजरेने पाहिले, एवढेच.

दादाने माझ्या शिक्षणाचे सांगितले. दौलतरावांनी सुपारी कातरत ऐकून घेतले. मग दादाकडे बघून म्हणाले, "शिकू द्या हो. लग्नानंतर कुठं जायचंय तिला?"

दादाला हे मोठेपणाचे वाटले. त्यांनी मला विचारले फक्त एकच. भाकरी किती पातळ करतेस. मी खरे सांगितले. जाड होते.

वहिनी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली. सहसा ती कुणाला पोचवत नाही.

काळजी नाही. परीक्षा दिवाळीच्या आधी आहे.

गुरुवार, ४ ऑक्टोबर. सकाळ.

काल एक गोष्ट घडली ती लिहिली नाही. न लिहिणे हेही खोटेच, म्हणून आज लिहिते.

कॅम्पातल्या एका शेठाणीने मॅडमना विचारले, या दोन्ही पोरी शिकायला का? मॅडम म्हणाल्या, "ना, सीखती तो लाजो है। ये कामवाली है। अच्छी है, चोरी नहीं करती।"

मी पडद्यामागे टॉवेल वाळत घालत होते. मॅडमना मी तिथे आहे हे माहीत नव्हते. किंवा माहीत होते. दोन्ही बाजूंनी विचार केला. मॅडमनी असे म्हणण्याचे कारण उघड आहे. लाजोची आई फी देते. तिच्या मुलीपेक्षा मी पुढे आहे असे कानावर गेले तर ती मुलीला काढून घेईल. मॅडमना धंदा बघावा लागतो. शिवाय चोरी करत नाही असे त्या चारचौघांत म्हणाल्या. लायसन देताना माणसाची सचोटीच बघतात.

घरी येताना विठ्ठलवाडीपर्यंत चालत आले, आणि स्टेशनावर एक गाडी सोडून दिली. बसून राहिले.

पंधरा दिवसांवर परीक्षा आहे. मॅडमनी लाजोला सांगितले तेव्हा मी ऐकले. मलाही बसवा, असे आज विचारीनच.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

विचारले. प्रत्यक्ष तोंडाने विचारले. मॅडम म्हणाल्या, बैठ जा, क्या जाता है। एवढा आनंद मला पूर्वी झालेला आठवत नाही. आनंदात फॉर्मचे राहून गेले.

शनिवार, २० ऑक्टोबर. संध्याकाळी सात.

परीक्षा झाली. घाईत लिहिते आहे, तपशील उद्या.

परीक्षक बाई मुंबईहून आल्या. मॅडमची नणंद, दादरला त्यांचे स्वतःचे पार्लर आहे. त्यांनी आपलाच चेहरा परीक्षेला दिला. उजवी भुवई लाजोने कोरायची, डावी मी.

लाजोने दोरा दातात धरला आणि पाच मिनिटांत आटोपले. मग माझी पाळी. मी दोरा गजाला बांधला आणि बाईंना खुर्चीसकट खिडकीकडे वळवले. त्या म्हणाल्या, ये क्या। मी स्वच्छतेचे कारण सांगितले. त्या शिकलेल्या आहेत, त्यांनी तोंड खिडकीशी आणले. मी त्यांच्यासमोर उभी राहून काम केले. भुवई मुळातच बारीक वाटली, पण मुंबईच्या बायकांची असते.

झाल्यावर बाईंनी आरसा मागितला. मग बराच वेळ सिंधीत बोलत होत्या. मला सिंधी नीट येत नाही.

रविवार, २१ ऑक्टोबर.

कालच्या पानावर चूक आहे. मी डावी भुवई कोरली असे लिहिले नाही, पण तसा समज होतो. मी उजवीच कोरली. लाजोने कोरलेली. समोर उभे राहिले की माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. नारळाला डावे उजवे नसते, त्यामुळे सरावात हे ध्यानात आले नव्हते.

तेव्हा बाईंची डावी भुवई होती तशीच राहिली, जाड. उजवी दोनदा कोरली गेली. दोनदा कोरलेल्या भुवईत म्हणावे असे काही उरले नाही. मॅडमनी तिथे काजळाची काडी फिरवून बाईंना गाडीला घालवले. जाताना बाईंनी उजव्या बाजूने पदर ओढून घेतला होता.

मॅडम रागावल्या नाहीत. बोलल्याच नाहीत. मोठी माणसे निकाल लागेपर्यंत बोलत नाहीत.

मंगळवार, ३० ऑक्टोबर. दुपारी तीन. पार्लरमध्येच लिहिते आहे, मॅडम बाजारात गेल्या आहेत.

लाजोचे सर्टिफिकेट, म्हणजे लायसनचा कागद, भिंतीवर लागले. काचेची फ्रेम. लाजोची आई मिठाई घेऊन आली, मलाही दिली. लाजोने मला विचारले, "बकुला, तू कब लेगी?" तिने कुजकटपणे विचारले असते तर बरे झाले असते. ती खरोखर विचारत होती.

दिवाळीची साफसफाई म्हणून मॅडमचा खण आवरायला काढला. आत कोऱ्या सर्टिफिकिटांचा गठ्ठा. कॅम्पातल्याच छापखान्यात छापलेला, खाली छापखान्याचे नाव आहे. मुंबईचा शिक्का नाही, बोर्ड नाही, फॉर्म नाही. नावाची जागा कोरी, आणि खाली एक रेघ, तिथे मॅडमची सही.

म्हणजे कुठून काही मागवायचे नव्हतेच. जूनपासून कुठल्याही दिवशी मॅडमनी पेन उचलले असते तर झाले असते. मी म्हणायला हवे होते, मॅडम, एक सही.

एक कागद बाहेर काढून मी आपले नाव मनात त्यावर लिहून पाहिले. जागा पुरते. परत ठेवला. गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या.

मॅडम आल्या. आज विचारणार होते. त्यांच्या हातात पिशव्या होत्या.

शुक्रवार, २ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

दादाने पूजा झाल्यावर विचारले, "कागद आला का, बकुळे?" मी म्हटले, सहीसाठी थांबला आहे. हे खोटे नाही.

दादाने उठून ओटीवरच्या खोलीचे दार ओढून घेतले. त्याला मनातून माझी खुर्ची हवी होती, हे मला तेव्हा कळले. ओटीवरची खोली त्याने चुन्याने रंगवून ठेवली होती. मला वाटत होते दिवाळीसाठी.

वहिनी म्हणाली, मंग अंबरनाथला निरोप धाडू ना. तिने दादाला विचारले, पण बघत माझ्याकडे होती. मी नाही म्हणाले नाही. त्याच वेळी प्रसाद वाटायचा होता, मधेच बोलणे बरे दिसले नसते.

सोमवार, १९ नोव्हेंबर.

तारीख धरली. रविवार, ९ डिसेंबर. मॅडमना सांगायला गेले. सांगून झाल्यावर सहीचे काढायचे, असा क्रम गाडीतच ठरवला होता.

मॅडमना आनंद झाला. खरा झाला. त्यांनी मला जवळ घेतले, हातात साडी ठेवली. मग म्हणाल्या, "तू जाएगी तो टॉवेल कौन करेगा? तेरे गाँव की कोई है? तेरे जैसी।" मी म्हटले, बघते. मग त्यांनी मला कामे कशी विभागायची ते विचारले, आणि मी पाणी, केर, टॉवेल, खण, सगळे नव्या बाईसाठी एका कागदावर लिहून दिले. अक्षर चांगले आले. मॅडमनी ते सगळ्यांना दाखवले.

त्या पानाखाली मॅडमनी सही केली. समजले, अशी.

हातात साडी होती, तोंडात त्यांनी दिलेला पेढा. अशा वेळी मागितले असते तर साडी कमी पडली असे दिसले असते.

शनिवार, ८ डिसेंबर. दुपार.

हळद लागली आहे, पानावर पिवळे डाग पडत आहेत, त्याला इलाज नाही.

ओटीवरच्या खोलीत दौलतरावांकडची माणसे उतरली आहेत. सकाळी दौलतरावांचा निरोप आला. कारखान्याची पाळी सकाळची, डबा पहाटे साडेपाचला तयार लागतो, मुलगी कितीला उठते ते विचारा. दादाने सांगितले, ही रोज पहाटे उठून पार्लरला जायची. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "आता जायचं नाही ना, मग आणखी लवकर उठेल."

सगळे हसले. मीही.

पुढचे नीट ठरवले आहे. उद्या लग्न. लग्नानंतर लगेच सासरी कुणाला काही विचारणे बरे दिसत नाही. गुरुवारी, पाचव्या दिवशी, पाचपरतावणाला मी माहेरी येईन. त्या दिवशी पाहुणे असतील, निघता येणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी मला परत न्यायला माणूस येईल. तेव्हा मधली सकाळ माझी. नऊच्या गाडीने जाईन, मॅडम एकट्या असतील तर उत्तम, नसल्या तरी. टॉवेलला हात लावणार नाही. उभ्या उभ्या सही मागेन.

शुक्रवार, १४ डिसेंबर १९५६. सकाळी दहा. नऊची गाडी गेली.