चिनूचं जावळ

१२ मे, दोंडाईचा

चिनूने आज पुन्हा डोकं खाजवून रक्त काढलं. या उकाड्यात दोन वर्षांच्या पोराचं मानेपर्यंत जावळ, खाली सगळं घामोळं. पण कात्री लावायची नाही! जावळ काढायचं ते राजस्थानात, कुलदेवीसमोरच. जायचं कधी? दुकानातून सवड मिळेल तेव्हा. म्हणजे कधीच नाही.

आणि ते देवीचं गाव आमचं कसलं? चुलतसासरे गेले होते, तर तिथल्यांनी त्यांना ‘दखणी’ म्हटलं. इथे चार पिढ्यांनंतरही आम्ही मारवाडीच. आजेसासरे, नाना, तर घरातही अहिराणी बोलतात.

आज त्यांच्यावरच चिडले. “नाना, तुमचं जावळ तरी तिथे काढलं होतं का?”

“नही वं बेटा. मन्हं आठेच काढं. बापले येळ नव्हता.”

“तुमचं इथे चाललं, मग याच्याच डोक्याला का ताप?”

नाना चिनूचे केस कानामागे सारत राहिले. “मले देवीनी कधी देखंच नही. याले तरी देखू दे.”



नवऱ्याला सांगितलं, दुकान बंद ठेव, तिकिटं काढ. नानांचंही काढ. त्यांच्या डोक्यावर काढायला केस उरला नाही, पण देवीला दाखवायला डोकं तर आहे.