प्रत माहितीस्तव

६ जानेवारी, मुखेड
माहिती अधिकाराचा अर्ज. हवाय र. चा पत्ता. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मारातून सुटून किनवटहून लेकीला कडेवर घेऊन आमच्या महिला व बालविकास कार्यालयात आलेली, अनवाणी. आम्हीच दुसरीकडं घर बघून दिलं. फाइल माझ्या कपाटात. अर्जदार तोच नवरा.
अक्षर फार सुंदर. समास दोन्हीकडून सारखा.
नकार देणार. वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ). माहिती अधिकारी मीच, सही माझीच.

७ जाने.
नकाराआधी र. ला कळवणं नियमात आहे. तुमची माहिती मागितलीय, हरकत असल्यास लिहा. पत्र स्वतः टाइप केलं, सही करून जावकला दिलं.

९ जाने.
तो आला. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, आवाज मऊ. बाहेरच्या बाकावर बसला. शेजारची जागा रुमालानं पुसून रिकामी ठेवली. मांडीवर कापडी पिशवी.
"काय काम?"
"काम न्हाई म्याडम. तिच्या चपला हायेत. घालायच्या इसरून गेली. गावली की देतो."
उघडून दाखवल्या. दोन वर्षांच्या जुन्या, पण ताजं पॉलिश.
दुपारभर बसला. माझा डबा तसाच परत.

१२ जाने.
पुन्हा आला. शिपाई म्हणाला, "रिकाम्या जागेशी हळूच बोलून राहिलाय ओ." मी खिडकी लावून घेतली. लावल्यावर जास्तच भीती वाटली.

१४ जाने.
दोन दिवस बाक रिकामा. कंटाळला बहुतेक. आज तिळगुळ नीट चवीनं खाल्ला.

१६ जाने.
र. चा फोन. पत्र मिळालं. "ताई, हरकत म्हंजे लई हरकत लिवा. सांगू नका ओ त्यांना. पोरगी आत्ता कुठं शाळेत रमून राहिली."
म्हटलं, मी खुर्चीत आहे तोवर पत्ता बाहेर जात नाही. चांगली छाती फुगवून म्हटलं.

१९ जाने.
नकाराचं पत्र रवाना. सुटले.

२० जाने.
नाही सुटले.
जावक नोंदवहीत सहज बघितलं. र. च्या पत्रापुढं दोन नोंदी. एक शिरूर अनंतपाळ, तिचं नवं घर. दुसरी किनवट, नवऱ्याचं.
पत्राच्या तळाशी : प्रत माहितीस्तव, अर्जदार.
मागं एका अर्जदाराला प्रत गेली नाही म्हणून वरून ताशेरे आले होते. तेव्हापासून मीच सगळ्यांना बजावलं, अर्जदाराला प्रत गेल्याशिवाय एकही पत्र सोडायचं नाही. बोटांनाच सवय. आणि पत्राच्या वर, डावीकडं, र. चं पूर्ण नाव, गल्ली, घर क्रमांक. जे द्यायचं नाही म्हणून काल दीड पान कारणं लिहिली, ते सात तारखेलाच माझ्या सहीनं...
र. चा फोन बंद. पोलिसांना कळवलं. साहेबांना सांगितलं.

२१ जाने.
पहिल्या एसटीनं शिरूर. दाराला कुलूप. खिडकीतून आत दप्तर दिसलं, दांडीवर कपडे.
शेजारीण : "शनिवारपास्नं न्हाईत. पोरगीबी शाळंला गेली न्हाई. एक पाव्हना आल्ता, लई गोड बोलत हुता."
"आधी आला की त्या आधी गेल्या?"
"आता ते न्हाई सांगता येणार."
मी तिच्या ओसरीवरच बसून रडले.

२९ जाने.
टपालात अर्ज. तेच अक्षर, तोच समास. 'सदर महिलेचा सध्याचा पत्ता मिळावा.'
सध्याचा! म्हणजे सापडली नाही. निसटली. पोलिसांनाही तसंच वाटलं. हवालदार फोनवर म्हणाले, "पत्ता मागून राहिला म्हंजे बाई गावलीच न्हाई त्याला. बरंच झालं की." आठ दिवसांनी पोटभर जेवले. मग मनात आलं, असं वाटावं म्हणूनच लिहिला असेल तर?
चार वाजता बाहेर आले. बाकावर तो. शेजारची जागा पुसलेली नाही. हातात पिशवी नाही.
तोंडातून गेलंच, "चपला?"
"दिल्या की, म्याडम."
आणि हसून नमस्कार केला.
हवालदारांना पुन्हा फोन लावतेय. अजून उचलला नाही.