फेटा बांधण्याआधी

मी लालासाहेब रामचंद्र भोईटे, वय एकाहत्तर, धंदा घरबांधणीची काँट्रॅक्टरी, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. माझं डोकं ठिकाणावर आहे. काळजात दोन स्प्रिंगा बसवल्या आहेत, पण त्यांचा डोक्याशी काही संबंध नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फसवलेलं नाही. बायको शेजारी बसून "आवं, अक्षर नीट काढा, कोर्टात वाचत्यात" म्हणते आहे. त्याला दडपण म्हणायचं असेल तर तेवढं दडपण आहे. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी केलं होतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला आहे.

कलम १. माझ्या मागं राहणारी माणसं तीन. पत्नी विजयमाला. थोरली मुलगी संयोगिता, जी तासगावच्या सासरहून काडीमोड घेऊन माघारी आली आणि आता माझा धंदा बघते. धाकटा मुलगा ऋषिराज, सैन्यात नायब सुभेदार. खाली लिहिलेलं सगळं माझ्या कष्टाचं आहे. वडिलांचं उसाचं रान भावाकडं आहे, त्यावर माझा दावा नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

कलम २. बँकेतली ठेव आणि पोस्टातली रक्कम विजयमालाच्या नावे. ती जिवंत आहे तोवर या घरातून तिला कोणी हलवायचं नाही. ती खाली राहील का वर, हे तिनं ठरवावं. ती दोन्हीकडं राहून दोघांनाही स्वयंपाकातलं शिकवत बसेल हे मला माहीत आहे, त्याला माझा इलाज नाही.

कलम ३. माझा पितळी ओळंबा, पातळी बघायची पाण्याची नळी आणि दोन थाप्या आमचे गवंडी बिरदेव तुकाराम गडदे, आटपाडीकडचे, यांना. बिरदेवला मी साक्षीदार म्हणूनही धरलं होतं. वकीलबाई प्रियदर्शनी साळुंखे म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्यानं साक्ष करायची नसते. बिरदेवनं विचारसुद्धा केला नाही. म्हणाला, "मग वळंबा द्या मालक, सही कुणाचीबी घ्या." बिरदेवला शब्दापेक्षा वस्तू बरी कळते. त्याची अक्कल मला असती तर हे मृत्युपत्र अर्ध्या पानात संपलं असतं.

कलम ४. 'भोईटे कन्स्ट्रक्शन' हे नाव, मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा, टेकू, जुनी पिकअप आणि चालू कामं संयोगिताला. एकच अट. वाढीव कामाचा दर ठरून मालकाची सही झाल्याशिवाय तिनं कुठल्याही वास्तुशांतीला फेटा बांधून घ्यायचा नाही.

ही अट का, ते लिहितो. लांबेल, पण लिहितो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आमच्याकडं घर बांधताना मालक कामात बदल सांगत राहतो. इथली भिंत तिथं घ्या, खिडकीला दार करा, आणखी एक संडास काढा. दर विचारला की म्हणतो, "करा की ओ, घरचंच हाय, बगू मागनं." आणि आम्ही करतो. चालू कामात पैशाचं काढलं तर माणूस हलका वाटतो. मग वास्तुशांत येते. मांडवात शंभर माणसांसमोर मालक काँट्रॅक्टरला फेटा बांधतो, मालकीण त्याच्या बायकोची ओटी भरते. तो फेटा एकदा डोक्याला लागला की वाढीव कामाचं तोंडातून काढायचं नाही. असा काही कायदा नाही, पण सातारा-सांगलीत सगळ्यांना माहीत आहे. मान घेतलास, आता गप बस.

सांगलीचे हळदीचे व्यापारी जयराजशेठ यांचं घर मी नदीच्या अंगाला बांधायला घेतलं. जोतं बांधून झालं, चौकटी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मनात महापूर शिरला. म्हणाले, जोतं कमरेइतकं वर उचला. त्यांना वाटलं चार ट्रॉल्या मुरूम जास्त लागेल, संपलं. अहो, बदलाची किंमत तीन बाबींची असते. एक, जे नवं करायचं ते: भराव, वाढलेले कॉलम, दुप्पट पायऱ्या, गाडीसाठी उतार. दोन, जे झालेलं तोडायचं ते: बसवलेल्या चौकटी, केलेलं गटार. आणि तीन, ज्यांना थांबावं लागतं ते. सेंट्रिंगवाले बसून राहिले, बिरदेवची माणसं दुसऱ्या कामावर निघून गेली आणि परत आली नाहीत. पहिली बाब मालक देतो. दुसरीवर घासाघीस करतो. तिसरी ऐकून हसतो.

जयराजशेठांनी हसायचीही तसदी घेतली नाही. "बगू की लालासाहेब, पळून चाललोय व्हय?" वास्तुशांतीला केशरी, जरीकाठी फेटा माझ्या डोक्याला बांधला. टाळ्या पडल्या. विजयमालाला पैठणी मिळाली, ती हरखून गेली. चार दिवसांनी मी वाढीव कामाचा कागद घेऊन पेढीवर गेलो, तर शेठ बसलेल्या चार व्यापाऱ्यांकडं बघून म्हणाले, "आवं, फेटा बांदून घेतला तवा काय बोलला न्हाईत!" ते चौघं मान डोलवायला लागले. मी तसाच उठून आलो. बाहेर आल्यावर मला जी शिवी सुचली ती वकीलबाईंनी इथं लिहू दिलेली नाही.

गड्यांची मजुरी भागवायला मी स्टँडमागचा प्लॉट विकला. तो फेटा ट्रंकेत आहे. पुन्हा कधी बांधला नाही. जयराजशेठांना माझ्या तेराव्याचं बोलावणं धाडू नये. आपणहून आले तर चहा द्यावा, साखर कमी.

कलम ५. आता घर. 

हे घर मी बांधलं. वरचा मजला ऋषिराजच्या पगारातून झाला. दर सुट्टीला तो पैसे आणायचा आणि मी काम पुढं न्यायचो. वरच्या स्लॅबच्या दिवशी, गडी जेवायला बसले असताना, सगळ्यांसमोर मी नारळ त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "हे घर तुझं, रं." ते माझं तोंडी मृत्युपत्र.

त्यानंतर संयोगिता माघारी आली. खालच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून बसली आणि माझा बुडत चाललेला धंदा तिनं उभा केला. बदल सांगितला की ती आधी दर लिहिते, तीन बाबींचा, मग काम. लोक तिला चिकट म्हणतात. म्हणोत बापडे. मला दवाखान्यात नेलं तेव्हा तिनंच पिकअप चालवली, आणि वाटेत मला म्हणाली, "आबा, आत्ता मरू नका, कोरेगावच्या कामाचं बिल व्हायचंय." मला त्या अवस्थेत हसू आलं.

मी घरी आल्यावर विजयमालानं मला कपाटातली एक साडी दाखवली. हिरवी, रुंद काठाची. मी विचारलं, कुणाला? तर म्हणाली, "संयोगिताला. तुमच्या मागं हक्कसोडाची सही करंल तवा नेसवायला. भावाचं घर भावाला, भनीला साडी. सगळीकडं असंच असतंय. आत्ता सेल हुता, पुढं म्हाग हुतील."

ती वाईट बाई नाही. तिला दोन्ही लेकरं हवीत आणि भांडण नको. पण ती साडी बघितली आणि मनात आलं: अरे, हा तर माझ्याच ट्रंकेतला फेटा! मान घे आणि गप बस. माझी पोरगी कोणापुढं गप बसत नाही, पण आईनं साडी पुढं केली की ती सही करणार आणि टेबल उचलून भाड्याच्या खोलीत जाणार, हे मला उन्हासारखं स्वच्छ दिसलं.

म्हणून मी लिहितो: खालचा संपूर्ण मजला, पुढच्या ऑफिससह, संयोगिताचा. वरचा मजला आणि गच्ची ऋषिराजची.

कलम ६. हा बदल आहे, आणि तो सांगणारा मी आहे. तेव्हा किंमत मी द्यायची.

पहिली बाब: आत्ताचा जिना खालच्या घरातून जातो, म्हणून वर जायला बाहेरून नवा जिना. दुसरी: आतला जिना तोडणं, स्लॅबचं भोक बुजवणं, खालची फरशी नीट करणं. दोन्हींचा खर्च मी संयोगिताकडून, कशासाठी ते न सांगता, बाजारभावानं काढून घेतला आहे, तो मी आजच माझ्या खात्यातून वेगळा ठेवला आहे. ऋषिराजला एक रुपयाही लागू नये.

तिसरी बाब म्हणजे थांबलेल्या माणसाची. माझ्या शब्दावर विसंबून ऋषिराज इतकी वर्षं थांबला. साताऱ्यात प्लॉट घेत होता, मीच म्हटलं कशाला, घर आहे की. त्याचा दर मला काढता आला नाही. घरं बांधताना काढला असता. इथं बसून तीन वेळा कागद फाडला.

कलम ७. एवढं लिहून मी मृत्युपत्र पाकिटात घालणार होतो. वकीलबाईंच्या कपाटात राहील, मी गेल्यावर उघडतील. मला भांडण बघायला लागणार नाही. छान बेत होता.

त्याच आठवड्यात तासगावला संयोगिताच्या कामाची वास्तुशांत होती. बेदाणा सुकवायचं शेड आणि शेजारी घर. पत्रे चढल्यावर मालकानं शेडची उंची वाढवून घेतली होती आणि दराच्या कागदावर सही टाळत आला होता. मला वाटलं बाई म्हणून तिला साडी देतील. त्यांनी फेटाच आणला, हल्ली पोरीही बांधतात. मालक फेटा घेऊन पुढं झाला आणि पोरीनं हात आडवा धरला. "थांबा काका. आदी वाढीव कामाच्या कागदावर सही, मग फेटा." भटजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला. मालक लालबुंद झाला, पण सही केली. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. छाती फुगली, आणि लगेच बसली. मला माझं पाकीट आठवलं.

मी मेल्यावर उघडणारं पाकीट म्हणजे दुसरं काय? पोराला बदल कळणार तो बापाच्या फोटोला हार घातल्यावर. तेव्हा तो कोणाशी भांडणार? बापाच्या तेराव्याला बापाविरुद्ध बोलला तर गाव त्याच्या तोंडात शेण घालील. जयराजशेठांनी मला केलं तेच मी माझ्या पोटच्या पोराला करायला निघालो होतो, तेही वकिलाची फी भरून.

म्हणून ऋषिराज सुट्टीवर आला तेव्हा सही करण्याआधी मी दोघांना समोर बसवून हे वरचं सगळं वाचून दाखवलं. साडीचं वाचल्यावर संयोगिता उठून आत गेली आणि आईच्या कपाटातली ती हिरवी साडी नेसून आली. म्हणाली, "आई, साडी आवडली. नेसते. सही करत न्हाई." विजयमालानं कपाळाला हात लावला.

ऋषिराज शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "आबा, स्लॅबच्या दिशी नारळ माझ्या हातात दिलावता. समद्यांसमोर."

"दिला होता."

"मग?"

"आता बदल करतोय. म्हणून दर विचारतोय तुला. तिसऱ्या बाबीचा."

तो हसला. ते हसणं मला नको होतं. "बर्फात ड्युटीला हुबा असायचो तवा डोळ्यांफुडं ह्येच घर असायचं. खालनं वरपातूर. त्याचा काय दर लावता? लावा की."

संयोगिता म्हणाली, "ऋषी, मी ऑफिस दुसरीकडं—" मी तिला गप केलं. स्वतःची जागा सोडून ती माझ्या बाजूनं दर पाडायला निघाली होती.

"माझ्याकडं दर नाही," मी म्हणालो.

"मग त्यो सांगलीचा फेटा द्या मला. बांदा आत्ताच. म्हंजे माझंबी तोंड बंद." असं म्हणून तो वर गेला, न जेवता. विजयमाला पदर तोंडाला लावून बसली. मला बाप असण्याची लाज वाटली आणि रागही आला, आणि कशाचा जास्त ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिरदेवला घेऊन घराच्या बाजूला उभा होता. बहिणीशी बोलला नाही. बिरदेवला म्हणाला, जिना पश्चिमेला नको, पूर्वेला घ्या, आईला दुपारी चढताना ऊन लागंल. संयोगितानं खिडकीतून ऐकलं, फरकाचा दर लिहिला आणि कागद आईच्या हाती वर पाठवला. त्यानं सही केली. तो फरकही माझ्याच खात्यातून. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. सुट्टी संपून तो गेलाही. मी जिवंत असेपर्यंत बोलतील की नाही, याची खात्री मला नाही.

कलम ८, शेवटचं. ऋषिराजनं मागितलेला फेटा मी त्याला देत नाही. संयोगितालाही देत नाही.

मी गेल्यावर तो केशरी फेटा ट्रंकेतून काढून माझ्या डोक्याला बांधावा. बिरदेवनं बांधावा, त्याला पीळ चांगला जमतो. तिथून पुढं गप बसायचं ते मी. पोरांनी बोलावं. मला शिव्या देऊन सुरुवात केली तरी चालेल.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम ॲड. प्रियदर्शनी साळुंखे यांच्याकडं सोपवलं आहे. वर लिहिलेलं मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि ज्यांना ऐकायला हवं होतं त्यांना माझ्या जिवंतपणी ऐकवलं. म्हणून आता खाली सही करतो.

(सही) लालासाहेब रामचंद्र भोईटे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली आणि ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही:

१. (सही) बिराप्पा धोंडी हाके, किराणा दुकानदार, रहिमतपूर
२. (सही) राणी ज्योतिबा खरात, परिचारिका, रहिमतपूर

ठिकाण: रहिमतपूर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५