दगडाची मागची बाजू

३ नोव्हेंबर
आले एकदाची! शेकडो वर्षं जुना हमरस्ता म्हणे – आता त्यावर कुत्री निवांत झोपतात. वाहनं नव्या रस्त्यानं गावाला वळसा घालून जातात. बाबा मात्र शेवटपर्यंत इथंच राहिले, मैलाचे दगड रंगवत. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले. मला कळवलं ते सगळं उरकल्यावर. खोली रिकामी करायला तरी लेक आठवली!

४ नोव्हेंबर
एक खाट, दोन शर्ट, रॉकेलमध्ये बुडवलेले ब्रश. माझा एकही फोटो नाही. दोनदा शोधला.

आई गेली तेव्हा बाबा कुठल्याशा दगडाला पांढरा रंग देत बसले होते. मी ओरडले होते – "माझ्या दारात पाऊल टाकू नका!" चौदा वर्षं झाली. खरंच टाकलं नाही. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतं, बापानं इतकं मनाला लावून घ्यायचं? फार रडले आज.

५ नोव्हेंबर
घरमालकीण चहा घेऊन आली. बोलकी बाई. "तुझे बाबा म्हणजे एक नंबरचे हट्टी! नकाशावरचा आकडा कधी लिहिला नाही. स्कूटर काढायची, स्वतः तिथवर जाऊन मीटर बघायचा, मगच दगडाला ब्रश. साहेबसुद्धा हात टेकायचे." मग म्हणाली, "गावाच्या टोकाचा दगड मागून बघितलास? ती बाजू त्यांची खासगी हं!"

जाऊन आले. मागे नुसता आकडा – १९१. गावाचं नाव नाही. रंगाखाली जुना १८४ पुसट दिसतो. कुठलं अंतर, बाईंनाही ठाऊक नाही. "विचारलं की हसायचे. गेल्याच महिन्यात बदलला."

६ नोव्हेंबर, सकाळी
किल्ली परत दिली. ब्रश तेवढे घेतले. त्या दगडापाशी गाडीचा मीटर शून्यावर आणला – उगाच.

६ नोव्हेंबर, दुपारी
वाटेत आमचं जुनं घर लागलं. मीटर १८४! गाडी कडेला घेऊन पुन्हा पाहिला.

नव्या घरी येऊन आम्हाला दोनच महिने झालेत. पत्ता फक्त मावशीला दिला होता. फाटकाशी गाडी बंद केली. १९१.

बेल तरी वाजवायची होती, बाबा!