लाल दोऱ्याचं प्रकरण

चि. बाळ्यास,

तुझ्या ताईच्या यजमानांचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व (म्हणजे दोघं) खुशाल आहोत, माझा उजवा अंगठा सोडून. तुझी कंबर कशी आहे? दिवसभर वाकून नळकाम करणाऱ्याने कमरेची हेळसांड करू नये. लिहिण्यास कारण की, पण कारण राहू दे, ते शेवटी येईल. आधी माझी तक्रार ऐक. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून ती लेखी करतो आहे.

आमच्या बेसिनचा नळ गेले तीन आठवडे ठिबकत होता. तुझी ताई रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना विचारायची, "बाळ्याला बोलावू का?" आणि मी म्हणायचो, काही गरज नाही. का, ते तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी या घराचं सगळं नळकाम तू केलंस आणि काम संपल्यावर जेवताना आपला नवाकोरा परवाना सगळ्यांना दाखवलास. त्यावर मी एवढंच म्हणालो की शिक्का वाकडा बसलाय आणि पाना फिरवायला परवाना कशाला लागतो, मनगट पुरे. झालं! तू जो हात धुऊन उठलास, तो आजतागायत या घराची पायरी चढलेला नाहीस. अरे, थट्टा होती ती! मी तीस वर्षं परवाना विभागात बसतोय. कुत्रा पाळायचा असो की पाटी लावायची असो, "आधी परवाना दाखवा, मग बोला" हे वाक्य मी झोपेतही म्हणतो (असं तुझी ताई सांगते). अशा माणसाने परवान्याची टिंगल केली तर ती थट्टाच असणार, एवढंही तुला कळू नये? असो.

तर आज रविवारी मी बाह्या सरसावल्या. तीन आठवडे त्या थेंबाने माझं डोकं उठवलं होतं. मी बाजारातून स्लाइड पाना, वॉशर आणि ती पांढरी पातळ टेप आणली. (दुकानदाराने विचारलं, "मिस्त्री नाही का मिळाला?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे त्याची बोलण्याची बिशाद झाली नाही.) आता एवढं तर मलाही कळतं की नळ काढण्याआधी पाणी बंद करावं. मी गॅलरीत गेलो. तिथे एका ओळीत चार कॉक आहेत, तूच बसवलेले, आणि त्यातल्या एकाला तू लाल दोरा बांधून ठेवला आहेस. माझा जीव भांड्यात पडला. आमच्या ऑफिसात ज्या फायलीला लाल दोरा, ते प्रकरण बंद. त्या फायलीला मग खुद्द साहेबही हात लावत नाहीत. म्हटलं, वा, मेहुणा रागीट असला तरी कामाचा चोख, बंद कॉक कुठला ते खूण करून गेलाय. कॉकला बोटसुद्धा न लावता मी आत आलो, बेसिनखाली उताणा झालो आणि पाना फिरवला.

बाळ्या, उताणं झाल्यावर उजवं-डावं बदलतं हे तुम्ही लोक कुणाला सांगत का नाही? मी नळ आवळतोय अशा समजुतीत सैल करत होतो की सैल करतोय अशा समजुतीत आवळत होतो, देव जाणे. शेवटी जोर लावला तसा नळ सुटून माझ्या हातात आला आणि त्याच्यामागून पाणी. पाणी म्हणजे काय, भिंतीने माझ्यावर दावा साधला! चष्मा गेला, टेप गेली, नवा पाना कपाटाखाली गेला. मी भोकात अंगठा घातला. एका माणसाने परवाना विभागात तीस वर्षं इमानेइतबारे काढावीत आणि रविवारी सकाळी भिंतीत अंगठा घालून पडून राहावं, हे तुला शोभतं का? हो, तुलाच विचारतोय. कॉक बंद असूनही पाणी येत होतं, म्हणजे कॉक सदोष. कुणी बसवला? परवानाधारकाने!

अंगठ्याने पाणी थांबलं नाही, फक्त चहूकडे उडायला लागलं. आमच्या खालच्या मजल्यावर दंतवैद्यबाईंचा दवाखाना आहे आणि त्या रविवारीही रुग्ण बघतात. खुर्चीत एक गृहस्थ तोंड वासून पडले होते. त्यांच्या बरोबर वर आमचं बेसिन. छतातून धार लागली ती थेट तोंडात. बिचाऱ्यांना वाटलं, उपचाराचाच भाग असेल, त्यांनी मुकाट्याने दोनदा चूळ भरली. तिसऱ्यांदा तोंडात चुन्याचा पोपडा आला तेव्हा ते ओरडले. बाई तशाच वर आल्या, हातात चिमटा. म्हणाल्या, "दात दुखला की तुम्ही घरी पक्कड लावता का हो?" मला, घरमालकाला, माझ्याच मोरीत! आणि मी काही बोलूही शकलो नाही, कारण तोंडात पाणी होतं.

आता तुझ्या ताईचं ऐक. मी ओरडतोय, "अगं, पाणी बंद कर!" आणि ही मोरीच्या दाराशी हाताची घडी घालून उभी. म्हणते कशी, "कुठून?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, तुझ्या भावाला ठाऊक! "मग बोलावू त्याला?" मी म्हटलं, मुळीच नाही. तर म्हणाली, "बरं," आणि तशीच उभी राहिली. पाणी बैठकीपर्यंत पोहोचलं, माझी चप्पल पाण्यावर फिरायला निघाली, पण ही ढिम्म. शेवटी मीच म्हणालो, बरं बाई, लिहितो त्याला पत्र, आजच लिहितो. तेव्हा कुठे ही तिथून हलली. आणि योगायोग बघ, अर्ध्या मिनिटात पाणी आपोआप थांबलं! टाकी रिकामी झाली असावी.

तेव्हा तुझ्या सदोष कॉकचा लेखी खुलासा मला मिळालाच पाहिजे. दंतवैद्यबाईंचं छतही तुझ्याच खात्यातलं आहे. कळावे, लोभ असला तर वाढवावा, नसला तर निदान कॉक बदलावा.

तुझा,
भाऊजी

ता. क. खुलासा समक्ष येऊन दिलास तरी चालेल. येत्या रविवारी मी घरीच आहे. जेवायलाच ये.

ता. क. २. तू येत नाहीस म्हणून तुझी ताई मला कधी एका शब्दाने बोललेली नाही. पण दारावरची बेल वाजली की हातातलं काम टाकून पहिली तीच धावते, आणि दार उघडल्यावर तिचं तोंड एवढंसं होतं. दोन वर्षं मी ते पाहतोय. मला ते आता बघवत नाही रे. शिक्का वाकडा नव्हता. मी तेव्हा चष्मा लावला नव्हता. माझं चुकलं. (हे तिला सांगू नकोस. डिंक कुठे ठेवलाय ते मला सापडत नाही, म्हणून पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतोय, पण दुसऱ्याचं पत्र वाचण्याची तिला सवय नाही.)

ता. क. ३. बाळ्या, मी ताई. टाकी भरलेली आहे. तुझा लाल दोऱ्याचा कॉक उघडाच होता, तो मी बंद केला. "आधी हा बंद करायचा" म्हणून बाबा मुख्य कॉकला लाल दोरा बांधायचे, ते मी विसरेन होय? हे तिकडे पत्र लिहीत बसले होते तेवढ्यात मी बाबांच्या जुन्या पान्याने नळही बसवला. आता एक थेंब गळत नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, रविवारपर्यंत बादलीने पाणी घेऊ देत. तुला इथे करण्यासारखं काही काम उरलेलं नाही. तरी ये. ह्यांच्या ऑफिसात लाल दोरा बांधला की प्रकरण बंद म्हणे. मग तुमच्या दोघांच्या त्या प्रकरणालाही एक बांध आणि ये. बेल वाजव, मीच दार उघडीन.